हौशी रॉकेटमधल्या अल्टिमीटरला (उंची मोजून पॅराशूट उघडवणाऱ्या यंत्राला) कंपनाने न सुटणारा स्विच कोणता लावावा?

स्क्रू-स्विच लावा, तो नसेल तर स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा, खटकन जागेवर बसणारा रोटरी स्विच. स्क्रू पूर्ण आवळला की त्याचं डोकं तांब्याच्या पट्टीवर दाबून बसतं, स्प्रिंगच्या ताकदीवर काही अवलंबून राहत नाही. साध्या स्लाइड स्विचमध्ये पातळ पत्र्याचा संपर्क असतो. मोटर पेटतानाच्या धक्क्याने तो क्षणभर सुटला तरी अल्टिमीटर रीसेट होऊ शकतो, मग पॅराशूट बाहेर ढकलणारा बारुदाचा चार्ज उडतच नाही. काही अल्टिमीटरमधला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) एवढा खंड भरून काढतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. स्लाइडच वापरायचा असेल तर दांडी रॉकेटच्या लांबीला आडवी सरकेल असा बसवा, म्हणजे प्रवेग तिला ढकलणार नाही. आणि वायरी जवळच बांधून घ्या. पुष्कळदा स्विच ठणठणीत असतो, सोल्डरच्या टाक्याशी वायर तुटते.

स्क्रू-स्विचची एक खोड आहे: आवळताना संपर्क दोन-चारदा जुळतो-तुटतो आणि अल्टिमीटर चालू होताना अडखळतो. तसं झालं तर स्क्रू सैल करून थोडं थांबा, पुन्हा आवळा आणि अल्टिमीटरचे सगळे बीप नीट ऐका. हे सगळं, रॉकेट लाँच पॅडवर उभं केल्यावरच करायचं.