नियम बरोबर, दोन ध्रुव राहून गेले

प्रश्न : विद्युतचुंबकत्व मी अगदी पहिल्यापासून शिकते आहे. सरावासाठी दोन चुंबकांमधल्या बलाचा प्रोग्रॅम लिहिला. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरलं. मग निओडायमियम चुंबकाच्या दोन चकत्या (व्यास १० मिमी, जाडी ५ मिमी) एकमेकींना ढकलतील अशा एकावर एक धरून डिजिटल काट्यावर बल मोजलं. मध्यापासून मध्यापर्यंत ३ सेंमी अंतराला १०.५ ग्रॅम, ६ सेंमीला जेमतेम ०.६! माझ्या हिशेबाने अडीचच्या वर हवे होते. काटा बिघडलाय का?

उत्तर : काटा ठणठणीत आहे, आणि तुम्ही मोजून पाहिलंत याचा मला फार आनंद झाला. व्यस्त वर्गाचा नियमही खरा आहे, पण तो ध्रुवाध्रुवांमधला. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोमने १७८५ मध्ये तो तपासला तेव्हा मुद्दाम लांब, बारीक चुंबक घेतले होते, म्हणजे पलीकडचं टोक दूर राहतं आणि लुडबुड करत नाही. तुमच्या चकतीचे दोन्ही ध्रुव ५ मिमीवर आहेत.

एकदा कागदावर करून बघा. ३ सेंमीला ध्रुवांच्या चार जोड्या होतात : २५, ३०, ३० आणि ३५ मिमी. पहिली आणि शेवटची ढकलते, मधल्या दोन ओढतात. १/६२५ आणि १/१२२५ मिळवा, त्यातून २/९०० वजा करा. ढकलण्यातलं जवळजवळ सगळं ओढण्यात जातं, उरतं फक्त ८ टक्के. ६ सेंमीला उरतं २ टक्के. दोन्ही वजाबाक्यांची तुलना केलीत तर साधारण १६ पट फरक दिसेल. लांबच्या अंतराला दोन चुंबकांमधलं बल अंतराच्या चौथ्या घाताने घटतं, ते असं. सूत्र पाठ करण्याआधी ही वजाबाकी हाताने कराच.

तेव्हा प्रोग्रॅम टाकून देऊ नका, एका जोडीच्या जागी चार जोड्या घाला. चकत्या अगदी जवळ आल्या की तेवढ्याने भागणार नाही, कारण ध्रुव म्हणजे ठिपका नव्हे, अख्खा पृष्ठभाग आहे. प्रत्येक पृष्ठभागाचे १०० तुकडे केलेत तर ४०,००० जोड्या होतील, संगणकाला ते काहीच नाही. चकत्या तिरप्या झाल्या तर नुसतं बल पुरत नाही, त्यांना फिरवणारं आघूर्णही मोजावं लागतं. नवशिक्यांचं इथे हमखास राहून जातं.

मोजताना काट्यावर आधी लाकडी ठोकळा आणि त्यावर चकती ठेवली होती ना? नाहीतर चुंबक काट्यातल्या पोलादालाच ओढतो.

पुढे ध्रुव बाजूला ठेवून हीच चकती वीजप्रवाहाचं कडं समजून बघा. तिच्या ५ मिमी काठावरून जणू ४,८०० अँपिअरच्या आसपास प्रवाह फिरतो आहे! बाहेरचं चुंबकीय क्षेत्र दोन्ही हिशेबांनी एकच येतं. ते जुळवून पाहा आणि आकडे मला कळवा.