सोनी ए६४०० साठी दहा हजारांच्या आसपास, कमी उजेडात चालणारी मॅन्युअल फोकस लेन्स कोणती घ्यावी?

थेट उत्तर हवं असेल तर टीटीआर्टिझनची ३५ मिमी एफ/१.४ घ्या आणि एफ/०.९५ च्या नादी लागू नका. पण आधी घरातली कपाटं उघडून बघा. तिथे काय शोधायचं ते पुढे सांगतो.

तुम्ही लिहिलंय की एकांकिकेच्या तालमींचे फोटो काढता, हॉलमध्ये दोन-तीन ट्यूबलाइट असतात, कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १६-५० च्या किट लेन्सवर आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ६४०० पर्यंत जावं लागतं आणि फोटो दाणेदार येतात. दोष कॅमेऱ्याचा नाही. ही लेन्स ३५ मिमीला नेली की तिचं अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, जास्तीत जास्त एफ/४.५ ते एफ/५ एवढंच उघडतं. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. त्याच जागी एफ/१.४ लावलं तर दहापट तरी उजेड आत येतो. म्हणजे जिथे ६४०० लागत होता तिथे ६४० वर काम होतं. मोठी उडी ती हीच. एफ/१.४ वरून एफ/०.९५ ला गेलात तर त्यापुढे जेमतेम एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, मिळतो, आणि त्यासाठी किंमत दुपटीच्या वर जाते, वजनही वाढतं.

शिवाय फोकस तुम्हाला हाताने करायचाय, हे विसरू नका. ए६४०० वर ३५ मिमी एफ/१.४ ने दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर साधारण १८ सेंटीमीटर खोलीचा पट्टा फोकसमध्ये असतो. चेहरा आरामात बसतो, नट थोडा पुढे-मागे झाला तरी चालतं. एक मीटरवर हाच पट्टा साडेचार सेंटीमीटरवर येतो. आता ५० मिमी एफ/१.२ घ्या: एक मीटरवर दोन सेंटीमीटरसुद्धा धड नाहीत. डोळ्यावर फोकस केला तर नाकाचा शेंडाही गेला आणि कानही गेला. स्थिर बसलेल्या माणसाचं पोर्ट्रेट असेल तर ते सुंदर दिसतं, पण तालमीत कोण स्थिर बसतंय? दिग्दर्शक सोडला तर कोणीच नाही, आणि तोही पहिल्या दिवशीच.

म्हणून अ‍ॅपर्चरच्या आधी फोकल लेंथ ठरवा, म्हणजे लेन्स किती मिमीची हवी ते. त्याला पैसे लागत नाहीत. किट लेन्स ३५ वर न्या, तिथून हलवायचीच नाही असं ठरवून एक अख्खी तालीम काढा. सारखं मागे सरकावं लागून पाठ भिंतीला टेकत असेल तर तुम्हाला २५ मिमी हवी. सेव्हनआर्टिझन्सची २५ मिमी एफ/१.८ त्यासाठी बघा. उलट प्रत्येक फोटो नंतर क्रॉप करावासा वाटत असेल तर ५० कडे वळा. बहुतेकांचं ३५ वर भागतं, कारण ए६४०० च्या सेन्सरवर ती फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, ५२ मिमीसारखी दिसते, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांबरोबर यायची त्या ५० च्या जवळपास.

टीटीआर्टिझनच्या ३५ बद्दल थोडं. सगळी धातूची, दोनशे ग्रॅमच्या आत, फिल्टर ३९ मिमीचा. २८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, म्हणजे हातातली संहिता, मेकअपची पेटी असले तपशीलही निघतात. पूर्ण उघडी ठेवली की कोपरे मऊ असतात आणि फ्रेममध्ये उघडा बल्ब आला की काँट्रास्ट पडतो. एफ/२.८ ला चित्र एकदम सुधारतं. परदेशात ती शंभर डॉलरच्या आत मिळते, इथे कस्टम आणि दुकानदाराचा नफा धरूनही तुमच्या बजेटच्या आसपासच राहावी. फुल फ्रेमवर जायचा विचार असेल तर मात्र लक्षात ठेवा, ही लेन्स ए६४०० सारख्या लहान, एपीएस-सी सेन्सरपुरतीच आहे. त्याच कंपनीची ५० मिमी एफ/२ फुल फ्रेमवरही चालते.

आता कपाटाकडे. वडिलांचा, काकांचा पेंटॅक्स के१००० किंवा याशिकाचा एफएक्स-३ असा जुना फिल्म कॅमेरा पडून आहे का बघा. के१००० बरोबर बऱ्याचदा ५० मिमी एफ/२ असायची. ती आजही छान चालते आणि तुम्हाला फक्त अ‍ॅडॉप्टरचा खर्च येतो. घरोघरी सापडतो तो याशिका इलेक्ट्रो ३५ मात्र या कामाचा नाही, त्याची लेन्स सुटी होत नाही. हौसेने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका.

जुन्या लेन्स मिररलेसवर, म्हणजे ए६४०० सारख्या आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, बसतात याचं कारण साधं आहे. के१००० सारख्या एसएलआरमध्ये आरशाला जागा लागायची, म्हणून पेंटॅक्सच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर असायचं. सोनीच्या ई-माउंटला ते फक्त १८ मिमी आहे. मधले साडेसत्तावीस मिमी भरून काढणारी धातूची पोकळ नळी, एवढाच तो अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नसते आणि नसावीच. एक अट: लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग हवी. निकॉनची ५० मिमी एफ/१.८ डी चालेल, निकॉनच्याच ‘जी’ (G) मालिकेतली नको, तिला ही रिंग नसते. कॅनन ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, साध्या नळीवर तुम्हाला ते बदलताच येणार नाही.

घरात नाही मिळाली तर मुंबईत बोरा बाजाराच्या बाजूची कॅमेऱ्याची दुकानं आहेत, चोर बाजार आहे. तिथे हेलिओस ४४-२ दिसली तर मोह होईलच. ही रशियन ५८ मिमी एफ/२, मागची झाडं भोवऱ्यासारखी फिरल्यागत दाखवते म्हणून प्रसिद्ध. पण तो भोवरा मुख्यतः फ्रेमच्या कडांना असतो आणि ए६४०० चा लहान सेन्सर कडाच कापून टाकतो. त्या एका गोष्टीसाठी घेत असाल तर अर्धी मजा गेली म्हणून समजा. हॉलच्या आत ५८ मिमी लांबही पडते.

जुनी लेन्स कुठलीही घ्या, दुकानातच तपासा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून जरा तिरकं बघा. थोडी धूळ असतेच, ती फोटोत येत नाही. काचेच्या कडेपासून आत शिरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ते फंगस. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात, कोकणात आणि मुंबईत तर हमखास, बंद चामडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सना ते लागतंच. ‘साफ करून देतो साहेब’ असं म्हणाले तर साफ झाल्यावरच पैसे द्या. फंगसने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग कायमचा. मग अ‍ॅपर्चरची रिंग फिरवून आतली पाती बघा. त्यांच्यावर तेलाची चकाकी नको. शेवटी फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच अडकली किंवा अगदीच सैल फिरली तर ठेवून द्या, कारण मॅन्युअल लेन्समध्ये तुमचा सगळा वेळ त्या रिंगवरच जाणार आहे.

हे सगळं सांगूनही एक गोष्ट बोलतोच. ए६४०० चं डोळा ओळखणारं ऑटोफोकस ही त्या कॅमेऱ्याची मोठी जमेची बाजू आहे आणि मॅन्युअल लेन्स लावली की ती तुम्ही गुंडाळून ठेवता. घरातल्या कार्यक्रमांत पळणारी लहान मुलं काढायची असतील तर थोडे पैसे साठवून विल्ट्रॉक्सची ३५ मिमी एफ/१.७ एअर घ्या, ती ऑटोफोकस आहे. तालमीचं गणित वेगळं. तिथे नट ठरलेल्या जागी येऊन थांबतो, दुसऱ्या तालमीपासून तुम्हालाही ती जागा पाठ होते, आणि खुर्चीवर आधीच फोकस लावून वाट बघता येते.

लेन्स आली की मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू आहे ना ते बघा, नाहीतर शटर दबणारच नाही. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लाल रंगात आणि ‘लो’ वर ठेवा. एफ/१.४ ला पीकिंग खऱ्या फोकसपेक्षा जाड पट्टा दाखवतं, म्हणून फोकस मॅग्निफायर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय, एखाद्या कस्टम बटणाला लावून डोळ्यावर झूम करून खात्री करायची. विजेचा संपर्क नसलेल्या लेन्सवर हे मॅग्निफिकेशन आपोआप येत नाही. किट लेन्समध्ये हादरा सावरणारं स्टॅबिलायझेशन होतं, ते आता नसेल, आणि ए६४०० च्या बॉडीतही ते नाही. शटर १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्यामुळे १/१०० ला फोटोत आडवे पट्टे येत नाहीत आणि हातही बऱ्यापैकी सांभाळला जातो.

ऑर्डर देताना ‘ई-माउंट’ हे शब्द दोनदा वाचा. याच लेन्स त्याच फोटोसकट फुजी एक्स आणि निकॉन झेडसाठीही विकायला असतात, आणि दुसऱ्या मिररलेसची लेन्स सोनीवर बसवायला मध्ये नळीपुरतीही जागा नसते.