मोठ्यांची फ्रेमवर्क आणि आपल्या चार खोल्या

प्रश्न : मालवणात निवास-न्याहारीवाल्यांच्या वेबसाइट करतो. मोठ्या कंपन्या सारखी नवी जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क (वेबसाइट उभारायचे कोडचे तयार सांगाडे) काढतात. त्यांनी थांबू नये का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : काढू देत की! २०१३ मध्ये फेसबुकने आपलं रिअ‍ॅक्ट सगळ्यांना वापरायला खुलं केलं, ते अनेकांच्या कामी आलं. माझा राग काढण्यावर नाही, सोडण्यावर आहे. गूगलचं अँग्युलरजेएस बघा : त्याची २०१६ ची नवी आवृत्ती, अँग्युलर २, जुन्या कोडशी जुळेना, आणि २०२१ अखेर जुन्याला दुरुस्त्या मिळणंही संपलं. नव्याने लिहायला गूगलकडे माणसं आहेत. तुम्ही एकटे, त्यात मे महिन्याची गर्दी. (गूगलमध्ये काम केलेल्या एकाने २०१४ मध्ये काढलेलं व्ह्यू हे फ्रेमवर्क मात्र टिकून आहे.) आणि खरं सांगा, चार खोल्या, दर आणि सुरमई थाळीचा फोटो दाखवायला फ्रेमवर्क हवंच कशाला? साधं एचटीएमएल, म्हणजे वेबपानांची मूळ भाषा, लिहा. तारकर्लीच्या अर्ध्या रेंजमध्येही पटकन उघडेल.