वॉर्ड, प्रभाग आणि विभाग

दादरच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी जानेवारी २०२६च्या निवडणुकीआधी विचारलेला प्रश्न: 'महापालिकेच्या निवडणुकीची सूचना सोसायटीच्या फलकावर लावायची आहे. वॉर्डलाच मराठीत प्रभाग म्हणतात ना? मग एका बातमीत मुंबईत २४ वॉर्ड आणि दुसरीत २२७ वॉर्ड, असं कसं? आणि पुण्यात बहिणीकडे प्रभाग ४१ असताना नगरसेवक १६५ कसे?'

कोशात पाहिलंत तर वॉर्डला प्रभाग हाच प्रतिशब्द मिळेल, तेवढं तुमचं बरोबर आहे. पण मुंबईचे दोन निरनिराळे नकाशे आहेत आणि बोलताना आपण दोन्हींच्या तुकड्यांना वॉर्डच म्हणतो. सगळा घोळ तिथे होतो.

पहिला नकाशा कारभाराचा. ए, बी, सी, डी, ई, मग एफ-दक्षिण, एफ-उत्तर असं करत टीपर्यंत. ए ते जी म्हणजे जुनं शहर. एचपासून पुढे उपनगरं, जी १९५० आणि १९५७ साली दोन टप्प्यांत पालिकेच्या हद्दीत आली. आय, जे, ओ, क्यू ही अक्षरं या मालिकेत नाहीतच. असे मिळून २४, हा वर्षानुवर्षं रूढ असलेला आकडा. प्रत्येकाचं एक कार्यालय आणि त्यावर एक सहायक आयुक्त. पाण्याची तक्रार, तुंबलेलं गटार, जन्माचा दाखला, सगळं तिथे. 'सकाळीच वॉर्डात जाऊन आलो' असं मुंबईकर म्हणतो तेव्हा तो या कार्यालयात जाऊन आलेला असतो. पालिकेच्या मराठी कागदपत्रांत या वॉर्डला 'विभाग' म्हणतात आणि त्या इमारतीला 'विभाग कार्यालय'.

दुसरा नकाशा मतदानाचा. त्यात शहराचे २२७ तुकडे आहेत आणि एकेका तुकड्यातून एकेक नगरसेवक निवडून येतो. क्रमांक दहिसरपासून सुरू होतात आणि कुलाब्याला संपतात. हे 'प्रभाग'. तुमचं दादर जी-उत्तर विभागात येतं, सोबत माहीम आणि धारावी. २०१७च्या रचनेत या एका विभागात १८२ ते १९२ असे अकरा प्रभाग होते. तेव्हा फलकावर 'जी-उत्तर विभाग, प्रभाग क्रमांक' असं लिहून पुढे मतदारयादीत असेल तो आकडा घाला. 'जी-उत्तर वॉर्डाचे मतदान' असं लिहिलंत तर अकरा ठिकाणचे उमेदवार एकाच ओळीत कोंबल्यासारखं होईल.

हा भेद जपायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. मुंबईत २१ फेब्रुवारी २०१७ला निवडणूक झाली. सभागृहाची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ला झालं. मधल्या पावणेचार वर्षांत शहरात नगरसेवकच नव्हते, त्यामुळे वॉर्ड म्हणजे फक्त कार्यालय, हाच अर्थ लोकांच्या तोंडी पक्का बसला. या काळात ज्यांची नावं पहिल्यांदा यादीत आली, त्या मुलामुलींना 'आपल्या प्रभागाचा नगरसेवक' ही गोष्टच तोवर अनुभवाची नव्हती. त्यांना वॉर्डातला साहेब आणि प्रभागातला लोकप्रतिनिधी यांत फरक आहे, एक नेमलेला आणि दुसरा आपण निवडलेला, हे शब्दांतूनच कळायला हवं. महापौरासाठीही आपण वेगळं मत देत नाही. प्रभागांतून निवडून आलेले नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात. आपल्या हातात आहे तो प्रभागच.

आता पुणे. तिथे प्रभाग बहुसदस्यीय आहेत. ४१पैकी ४० प्रभागांत चार-चार जागा आणि एकात पाच, म्हणून १६५. नागपुरात ३७ प्रभाग चारचे आणि एक तीनचा, म्हणून १५१. जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात. तुमच्या बहिणीला एका प्रभागात चार मतं द्यायची असतात, प्रत्येक अक्षराला एक. त्यामुळे तिने 'आमच्या प्रभागाचा नगरसेवक' म्हणणं अपुरं ठरतं. 'आमच्या प्रभागाचे नगरसेवक' तरी म्हणावं, नाहीतर अक्षर सांगावं. बोलण्यात मात्र या पद्धतीला सरसकट 'पॅनेल' म्हणतात. हा शब्द साखर कारखान्यांच्या आणि सहकारी बँकांच्या निवडणुकांतून आपल्या ओळखीचा. तिथे पॅनेल म्हणजे एकत्र लढणाऱ्या उमेदवारांचा गट. इथे मात्र 'चारचं पॅनेल' म्हणजे चार जागांचा प्रभाग आणि 'आमचं पॅनेल' म्हणजे पक्षाचे चार उमेदवार. लेखी मजकुरात पहिल्या अर्थाला चारसदस्यीय प्रभाग म्हटलं की वाचणारा अडखळत नाही.

प्रभाग हा शब्द मला फार आवडतो, आणि त्याचं कारण गणितात आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अपूर्णांकांचे प्रकार सांगताना 'प्रभागजाति' येते. तिथे प्रभाग म्हणजे भागाचा भाग. उदाहरणात एक कंजूष माणूस याचकाला द्रम्म नावाच्या एका नाण्याच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाचा सोळावा भाग काढून त्याचा चौथा हिस्सा देतो, आणि विचारलं आहे की याचकाच्या हाती काय आलं. गुणत गेलं की १/१२८० येतं, आणि एका द्रम्माच्या कवड्या १२८०. म्हणजे हाती आली एक कवडी! निवडणुकीसाठी हा शब्द घेणाऱ्याच्या मनात ही जाति होती, असा माझा दावा नाही. पण अर्थ चपखल बसतो: शहराचा भाग तो विभाग आणि विभागाचा भाग तो प्रभाग. इंग्रजी वॉर्डचा उगम पहाऱ्याशी, राखणीशी आहे. रुग्णालयातला आणि तुरुंगातला वॉर्ड त्याच कुळातला. आपल्या शब्दात पहारा नाही, वाटणी आहे.

एवढं सांगूनही हा नियम सगळीकडे लागू पडेल असं नाही. खुद्द मुंबईत 'प्रभाग समिती' असते, ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना घालून दिलेली. ती मात्र प्रभागाची नसून विभागाची असते, आणि काही ठिकाणी दोन-तीन विभाग मिळून एक समिती बसते, जसे ए, बी आणि ई. ठाण्यात तर कार्यालयालाच प्रभाग समिती म्हणतात. 'वर्तकनगर प्रभाग समितीत अर्ज दिला' हे वाक्य ठाणेकराला अगदी सरळ वाटतं. पुण्यात तेच क्षेत्रीय कार्यालय, नाशकात विभागीय कार्यालय आणि नागपुरात झोन: धरमपेठ झोन, सतरंजीपुरा झोन. त्यातून जिल्हा परिषदेत गेलात तर उलटच. तिथे मतदारसंघाचं कागदोपत्री नावच 'निवडणूक विभाग' आहे (लोक 'गट' म्हणतात), आणि पंचायत समितीत 'गण'. म्हणून दुसऱ्या गावाबद्दल लिहिताना आधी तिथला शब्द विचारून घ्यावा. मुंबईचा शब्द ठाण्यावर लादू नये.

उच्चाराचाही एक प्रश्न उरतो, वॉर्ड की वार्ड. प्रमाण लेखनात वॉर्ड. पण विदर्भातला वार्ड मी कधी सुधारणार नाही. तिथे हा शब्द निवडणुकीतून निसटून थेट पत्त्यात जाऊन बसला आहे. चंद्रपूरचा पठाणपुरा वार्ड, भिवापूर वार्ड, गावोगावचे गांधी वार्ड आणि टिळक वार्ड म्हणजे पुण्यातल्या पेठांसारख्या वस्त्या आहेत. प्रभागरचना बदलत राहते, क्रमांक मागेपुढे होतात, पण पठाणपुरा वार्डात राहणारा माणूस पठाणपुरा वार्डातच राहतो. पाकिटावर तिथे वार्ड असंच लिहा. पोस्टमनही तेच वाचतो.