वाचकांचे प्रश्न : टांझानियात शिकवायला जाताना

टांझानियातल्या शाळांमध्ये काही महिने विनावेतन शिकवायला जाऊ पाहणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली निवडक घेतली आहेत.

प्रश्न : संस्था म्हणते, "पर्यटक व्हिसावर या, बाकीचं इथे बघू." चालेल का? (निवृत्त मुख्याध्यापिका, सांगली)

नको. पगार घेतला नाही तरी शिकवणं हे काम धरलं जातं आणि पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. पकडलं गेलं तर दंड होतो किंवा परत धाडतात, आणि ते निस्तरायचं तुम्हाला, संस्थेला नव्हे. स्वयंसेवकांसाठी ‘सी’ वर्गाचा निवास परवाना असतो. त्याचा अर्ज यजमान संस्थेमार्फत होतो, म्हणून संस्थेची तिथली नोंदणी आधी बघा. परवान्याची फी कोण भरणार आणि शिकवण्यासाठी शिक्षण खात्याची परवानगी कोण काढणार, हे दोन्ही लेखी घ्या. पदव्यांच्या प्रती आणि पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलिस दाखला हाताशी ठेवा.

तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं; जून आणि डिसेंबरात सुट्ट्या. आपल्या जूनच्या हिशेबाने गेलात तर बंद शाळेत पोचाल. जानेवारीत वर्गात उभं राहायचं असेल तर कागदपत्रांना गणपतीच्या सुमारास लागा.

प्रश्न : मलेरिया इथेही असतोच. मग गोळ्या कशाला? आणि पीतज्वराची लस लागते का? (अभियंता, पुणे)

आपल्याकडचा आणि तिथला मलेरिया एकच समजू नका. टांझानियात बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा असतो. तो एक-दोन दिवसांत मेंदू-मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि क्लोरोक्विन या जुन्या मलेरियाच्या गोळीला दाद देत नाही. लहानपणी हिवताप येऊन गेला म्हणून तिथे संरक्षण मिळत नाही. प्रतिबंधक गोळ्या तीन प्रकारच्या आहेत : डॉक्सिसायक्लिन रोज, परतल्यावरही चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, परतल्यावर सात दिवस, मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करावी लागते. मेफ्लोक्विनने काहींना भीतिदायक स्वप्नं पडतात, नैराश्याचा इतिहास असेल तर ती टाळतात. निवड डॉक्टरांनी करायची. गोळ्या घेऊनही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी ‘टांझानिया’ सांगा. इथे डेंग्यू समजून दिवस वाया जातात.

पीतज्वराची लस मुख्यतः परतीसाठी. भारत सरकारच्या जोखमीच्या देशांच्या यादीत टांझानिया आहे का, ते निघण्याआधी तपासा. असेल आणि पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं आणि मग जन्मभर चालतं. सरकारमान्य केंद्रातच घ्या. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

प्रश्न : माध्यमिक शाळेत गणित इंग्रजीतून शिकवायचं आहे. मग स्वाहिली शिकावीच लागेल का? (शिक्षक, नाशिक)

लागेल, आणि ती नेमकी गणिताच्या तासालाच लागेल. सरकारी प्राथमिक शाळेत सगळं स्वाहिलीतून चालतं. माध्यमिकचा पहिला वर्ग, म्हणजे फॉर्म वन, लागला की एकदम इंग्रजी. कालपर्यंत ‘कुगावान्या’ म्हणत भागाकार करणारं पोर आज ‘डिव्हाइड’ ऐकतं आणि गप्प बसतं. त्याला भागाकार येत असतो, पण प्रश्न कळलेला नसतो.

उपाय सोपा आहे. फळ्याच्या डाव्या कडेला तासाभराचे शब्द दोन्ही भाषांत लिहून ठेवा, तास संपेपर्यंत पुसू नका : कुजुम्लिशा म्हणजे बेरीज करणं, कुतोआ वजाबाकी, कुझिदिशा गुणाकार. शाब्दिक उदाहरण आधी मुलांकडून स्वाहिलीत सांगून घ्या, मग इंग्रजीत सोडवा. "समजलं का?" विचारू नका, सगळा वर्ग एका सुरात हो म्हणतो. त्याऐवजी वहीच्या पाव कागदावर एक उदाहरण सोडवून घ्या आणि ते कागद गोळा करा. चाळीस मिनिटांच्या तासातली शेवटची पाच मिनिटं त्याला ठेवा. वर्ग मोठे असतात, पुस्तक दोघा-तिघांत एक. त्यामुळे "पान उघडा" या सूचनेवर तास उभा करू नका.

मुख्याध्यापक ‘अझिमिओ ला काझी’ आणि ‘अंदालिओ ला सोमो’ मागतील. म्हणजे आपलं वार्षिक नियोजन आणि पाठाचं टाचण. बी.एड. झालेल्यांना घरी आल्यासारखं वाटेल. पहिल्याच आठवड्यात ते देऊन टाका, सहकाऱ्यांशी निम्मी ओळख तिथेच होते. आणखी एक : मुलं ‘शिकामू’ म्हणतील. तो मोठ्यांना करायचा नमस्कार आहे; उलट शिकामू म्हणायचं नाही, ‘माराहाबा’ म्हणायचं.

प्रश्न : "सकाळी दोन वाजता भेटू" असा निरोप आला. चूक आहे का? (विद्यार्थिनी, ठाणे)

चूक नाही. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. ‘सा म्बिली असुबुही’ म्हणजे सकाळचे आठ. सांगितलेल्या आकड्यात सहा मिळवा, बारापुढे गेला तर बारा वजा करा. लांबच्या बसचं तिकीट काढताना वेळ कोणत्या घड्याळाची ते विचाराच.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का? (गृहिणी, सोलापूर)

नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, राजम्यासारखे माहारागे, आणि म्चिचा नावाची पालेभाजी, जी आपल्या माठाची जवळची बहीण. तूर तर तिथे पिकते आणि भारतात येते. बाजारात ‘म्बाझी’ म्हणून मागा. चपाती, चहाही मिळतो. फक्त "मांस खात नाही" एवढ्यावर थांबू नका, ताटात कोंबडी येईल. "सिली न्यामा, वाला कुकू, वाला समाकी" असं तिन्ही सांगा. भाजीत दगा नावाची सुकी मासळी आहे का, तेही विचारा.

मसाला, हिंग न्या. पण वरून प्लॅस्टिकची कॅरीबॅग नको, तिच्यावर जून 2019 पासून बंदी आहे. प्लगसाठी ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागेल. विजेचा दाब आपल्याइतकाच, ट्रान्सफॉर्मरचं ओझं नको. म्बेया, इरिंगा, अरुशाकडे जाणार असाल तर स्वेटर घ्या. जून ते ऑगस्ट तिथे चांगलीच थंडी असते.

प्रश्न : तिथे शाळेत छडी चालते असं ऐकलं. मी काय करावं? (शिक्षिका, रत्नागिरी)

खरं आहे. नियमानुसार मुख्याध्यापकांना किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या शिक्षकांना जास्तीत जास्त चार छड्या मारता येतात; प्रत्यक्षात नियम नेहमी पाळला जातो असं नाही. आपण मारायचं नाही, आणि "शिक्षेसाठी पाठवते" म्हणून मूल दुसऱ्याकडेही धाडायचं नाही. हे मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी एकट्यात, शांतपणे सांगा. सहकाऱ्याला मुलांसमोर अडवू नका. तसं केलं तर त्याचा मान जातो आणि राग मुलांवर निघतो. दुखापत झाली तर मात्र गप्प बसायचं नाही. तारीख, वेळ, वर्ग लिहून संस्थेला त्याच दिवशी कळवा. तिथे जाण्याआधीच संस्थेला विचारा, अशी तक्रार कोण घेतं? नाव आणि फोन नंबर मिळाला नाही तर दुसरी संस्था शोधा.