कोन फिल्टर बसवू का? एअर इंटेकवरची प्रश्नोत्तरे

गेल्या काही दिवसांत आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत, इंटेक (इंजिनात हवा नेणारा फिल्टर, बॉक्स आणि पाइप) बदलला की गाडी पळते का. रील बघायची, दुकानात जायचं, पैसे भरायचे आणि मग इथे विचारायचं असा क्रम दिसतोय, तो उलटा केला तर माझंही काम कमी होईल. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं जमत नाही म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न: माझी १.२ पेट्रोल हॅचबॅक आहे. दुकानदार म्हणतो कोन फिल्टर लावला की १५ बीएचपी वाढतील, पिकअप एकदम बदलेल. लावू का? (पुणे)

नको. मूळचा बंद बॉक्स काढून त्या जागी उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवायचा, तो कोन फिल्टर. आता कारण. तुमचं इंजिन जेमतेम ८०-९० बीएचपीचं, त्यात १५ म्हणजे सरळ १५-२० टक्के वाढ, ती नुसता फिल्टर बदलून मिळत असती तर कंपनीने स्वतःच फिल्टर बदलून ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापली असती. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला फार तर ३६०० लिटर हवा ओढतं आणि तेवढी हवा द्यायचा हिशोब करूनच मूळचा बॉक्स बनवलेला असतो. दुसरं म्हणजे शहरात तुम्ही पाव-अर्ध्या थ्रॉटलवर चालवता, म्हणजे हवेला अडवतोय कोण तर ॲक्सिलरेटरबरोबर उघडणारी थ्रॉटलची चकती, फिल्टर नव्हे. नळ अर्धा बंद ठेवून वरची टाकी मोठी केल्यासारखं झालं ते. फरक पडलाच तर पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमला, आणि तोही दोन-चार टक्क्यांच्या आत.

आणि मूळच्या बॉक्सचं नाक बघा कुठे आहे, बॉनेट उघडा, हेडलाइटच्या मागे नाहीतर ग्रिलच्या वर सापडेल, म्हणजे बाहेरची थंड हवा घेण्याची सोय आधीच केलेली आहे. उघडा कोन बसवला की तो रेडिएटरमागची तापलेली हवा ओढणार. हवा १० अंशांनी तापली की साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली बाहेरपेक्षा २०-३० अंश जास्त सहज असतात, करा हिशोब. मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? आवाजामुळे. मूळचा बॉक्स आवाज दाबायचंही काम करतो, तो काढला की घर्रर्र ऐकू येतं आणि आपल्याला वाटतं गाडी पेटली. तरीही आकडा हवाच असेल तर दुकानदाराला म्हणा, याच गाडीचा, त्याच दिवशीचा, बॉनेट बंद ठेवून काढलेला आधीचा आणि नंतरचा डायनो रिपोर्ट (मशीनवर मोजलेली ताकद) दाखव. विषय बहुतेक तिथेच संपतो.

प्रश्न: ऑनलाइन ७९९ रुपयांना इंटेक पाइपमध्ये बसवायचा इलेक्ट्रिक टर्बो फॅन मिळतो. घ्यावा का? (नाशिक)

घेऊ नका. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ या गाडीला खरा, हवा दाबून इंजिनात भरणारा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला, त्याला ४८ व्होल्टची वेगळी सिस्टिम आणि ७ किलोवॅटपर्यंत वीज लागते, तुमचा पंखा टेबलफॅनपेक्षाही गरीब आहे. त्याचं पातं तुटून आत गेलं तर खर्च मात्र खऱ्या टर्बोएवढा. ओबीडी पोर्टला (जिथे मेकॅनिक स्कॅनर लावतो) लावायच्या त्या लुकलुकणाऱ्या चिपबद्दल विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.

प्रश्न: महाबळेश्वरला गेलो की गाडी दमते. मोठा इंटेक लावून फरक पडेल? (सातारा)

नाही. साडेतेराशे मीटरवर हवेचा दाबच साधारण १५ टक्के कमी असतो, पाइप मोठा केल्याने डोंगर खाली येत नाही. गिअर खाली घ्या.

प्रश्न: एअर फिल्टर घाण झाला की ॲव्हरेज पडतो ना? नवा टाकल्यावर किती वाढेल? (नागपूर)

कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं ज्ञान हे, अजून गॅरेजमध्ये फिरतंय. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हवा जेवढी आली तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज लॅबने २००९ मध्ये हेच तपासलं होतं, फिल्टर मुद्दाम चोंदवूनही ॲव्हरेजमध्ये दखल घेण्यासारखा फरक आला नाही, ॲक्सिलरेशन मात्र मंदावलं. तेव्हा फिल्टर वेळेवर बदला, पण ॲव्हरेजच्या आशेने नको. ॲव्हरेज खरंच अचानक पडला असेल तर टायरची हवा, ब्रेक चिकटतोय का, ऑक्सिजन सेन्सर हे बघायला सांगा आणि स्कॅनर लावून घ्या.

प्रश्न: शेताच्या रस्त्याने रोजचं येणं-जाणं. पेपर फिल्टर लवकर भरतो म्हणून दोन वर्षांपूर्वी तेलाचा धुवायचा ‘लाइफटाइम’ फिल्टर लावला. अधूनमधून पंपावर हवा मारून साफ करतो. आता डिपस्टिकवर ऑइल कमी दिसतं, सर्व्हिसच्या मधेच लिटरभर टाकावं लागतं. फिल्टरचा काही संबंध? (सोलापूर जिल्हा)

हा प्रश्न वाचून खरंच चिडचिड झाली. तुमच्यावर कमी, विकणाऱ्यावर जास्त.

एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. तुम्ही नऊ हजार लिटर हवा घेताय उन्हाळ्यातल्या शेतरस्त्यावर, पुढे ट्रॅक्टर चाललेला, ट्रॉलीमागे धुळीचा पडदा. त्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात, आणि ते पिस्टनच्या रिंगांइतकेच नाहीतर त्यांहून कडक. रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो काही मायक्रॉनचा. सगळ्यात जास्त नुकसान करणारे कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे, आपला केस ७० च्या आसपास, म्हणजे हे कण डोळ्याला दिसतही नाहीत. ते ऑइलच्या थरात अडकतात, रिंग खाली-वर होते आणि बोअर घासला जातो. एका दिवसात काही कळत नाही, म्हणून तर हा धंदा चालतो. वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल वर चढून जळायला लागतं, सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर दिसतो, आणि तोवर फिल्टर विकणारा दुसऱ्या गावात दुसऱ्याला ‘लाइफटाइम’ विकत असतो. कुणाचा लाइफटाइम ते विचारायचं राहूनच जातं.

डब्यावर ९९ टक्के धूळ अडवतो असं छापलेलं असतं ना, ते वाचून माणूस खूश होतो. चांगला पेपर फिल्टर ९९.५ अडवत असेल तर तो अर्धा टक्का आत सोडतो आणि हा एक टक्का, म्हणजे दुप्पट धूळ! आकड्यांत अर्ध्याच टक्क्याचा फरक, बोअरच्या दृष्टीने दुपटीचा. शिवाय टेस्ट जाड धुळीवर केली की बारीक, तेही डब्यावर नसतं. फिल्टर तपासायचं आयएसओ ५०११ नावाचं स्टँडर्ड आहे, त्याचा रिपोर्ट मागून बघा, देतो का ते.

आता ती पंपावरची हवा. टायरच्या नळीने जवळून हवा मारली की पेपर फिल्टरच्या घड्या फाटतात, कॉटनची जाळी ताणली जाते आणि तिच्यावरचं तेल उडून जातं, मग तो धूळ धरणार कशाने? आणि धुऊन तेल जास्त लावलं तरी पंचाईत, ज्या गाडीत मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे तिथे ते तेल सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. पेपर फिल्टर थोडा मळलेला असेल तर बिघडत नाही उलट तो बारीक धूळ जास्त चांगली अडवतो, रोज काढून झटकायचा उद्योग करू नका, दर वेळी काढताना कडेची धूळ आतल्या बाजूला पडते ती वेगळीच.

आज एवढं करा. फिल्टरच्या पुढचा, थ्रॉटलकडे जाणारा पाइप सोडवा आणि आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. ऑइलचा हलका ओशटपणा चालेल. फडक्यावर मातीचा रंग आला, बोटांना खरखर लागली, तर धूळ आत जातेय, मग फिल्टरमधून असो नाहीतर बॉक्सच्या नीट न बसलेल्या रबरातून. कंपनीचा पेपर फिल्टर घाला, मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा, कमी किलोमीटरचा आकडा दिलेला असतो तो पाळा, आणि कॉम्प्रेशन व लीकडाउन टेस्ट (सिलिंडर दाब धरतोय का ते कळतं) करून घ्या. ऑइल कुठून तरी गळतही असेल, नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलं असेल, ते इथे बसून सांगता येत नाही. पण लिटर-लिटर टाकत दिवस काढू नका, ऑइल कमी पडून इंजिन जाम झालं तर रिंगांवर भागणार नाही.

प्रश्न: बंपरमागे खाली बसणारा कोल्ड एअर इंटेक लावलाय. पावसाळ्यात धोका आहे का? (चिपळूण)

चिपळूणला राहून हे विचारताय? २०२१ च्या जुलैत पुरात काय झालं ते तुम्हीच बघितलंय. फिल्टरचं तोंड जितकं खाली तितक्या लवकर पाणी आत, आणि सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळचं नाक वर ठेवलंय ते यासाठीच. जूनच्या आधी मूळचा इंटेक परत बसवा. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि टो करा. इन्शुरन्समध्ये पुराचं नुकसान असतं, पण पाणी ओढून इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑनशिवाय सहसा हात वर करतात, त्यात बदललेला इंटेक दिसला की त्यांना आयतं कारण. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न: २०१४ ची डिझेल आहे. तीन महिन्यांपासून चढाला ओढत नाही, काळा धूर आणि ॲक्सिलरेटर दिला की शिट्टीसारखा आवाज. मेकॅनिक म्हणतो मोठा इंटेक आणि रिमॅप करू. (कोल्हापूर)

तीन महिने?! हा बहुतेक टर्बोनंतरचा फाटलेला होज नाहीतर ढिली क्लिप आहे, दाबलेली हवा बाहेर जाते, डिझेल तेवढंच पडतं म्हणून धूर. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपांवर हात फिरवून बघायला सांगा, चीर असेल तिथे ओलसर काळं ऑइल लागेल. नसेल तर टर्बो स्वतःच जात असेल, आणि तो तुटला तर तुकडे आत जातात. याच आठवड्यात प्रेशर लावून लीक टेस्ट करून घ्या, तीही दुसऱ्या गॅरेजमध्ये, कारण आजारी गाडीला रिमॅप, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलणं, सुचवणाऱ्याकडे परत कशाला जायचं.

प्रश्न: इंटेक बदलला तर पोलीस पकडतात का? (ठाणे)

कंपनीच्या मापाचा फिल्टर बदलणं ही सर्व्हिसिंग झाली. त्यापलीकडे परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं लिहिलंय. तुमचा बदल यात बसतो का ते आरटीओत विचारा, आणि वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला.

प्रश्न: आम्ही सॅन होजेला असतो. इथे दुकानात उघड मिळतात, मग कायदेशीरच ना? (कॅलिफोर्निया)

विकतात म्हणून कायदेशीर होत नाही. पार्टवर कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, नंबर हवा आणि तो तुमच्याच मॉडेल-वर्षाला लागू हवा, नाहीतर स्मॉग चेकला (धुराच्या तपासणीला) अडकाल. घेण्याआधी नंबर तपासा.

प्रश्न: व्हिडिओ बघून एअर बॉक्सला ड्रिलने भोकं पाडली आहेत. चालेल ना? (जळगाव)

कुठल्या बाजूला ते लिहिलंच नाहीत. फिल्टरच्या आधीच्या भागात असतील तर गरम हवा आणि आवाज, एवढंच. फिल्टरनंतरच्या भागात असतील तर धूळ सरळ इंजिनमध्ये जातेय, गाडी हलवू नका, एमसील-टेप लावत बसू नका, मेकॅनिकला घरी बोलवा आणि बॉक्स नवा मागवा.