टूरिंग बाईकच्या मागच्या चाकाला कारचा टायर टाकावा का?

भाऊ, टाकू नका. तुम्ही लिहिलंय की अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ आहे, सोलापुरातून कधी पुणे कधी हैदराबाद असं सामान बांधून फिरता, मागचा टायर फार लवकर संपतो, व्हिडिओत परदेशातले लोक गोल्डविंगला कारचा टायर टाकून फिरताना दिसले आणि तुमचा पंक्चरवाला म्हणतोय की १५ इंची आहे ना, बसवून देतो. बसवून देईल तो, त्याच्यात काही वाद नाही. पण बसणं वेगळं आणि वळणावर धरणं वेगळं. मी स्वतः टूरिंग करतो आणि होटगी रोडला मित्राचं टायरचं दुकान आहे तिथं रोज संध्याकाळी बसणं असतं, त्यामुळं जेवढं माहीत आहे तेवढं सगळं लिहितो, थोडं लांबेल.

आधी त्या गोल्डविंगवाल्यांबद्दल, कारण ते लोक खोटं बोलत नाहीत. होंडा गोल्डविंग १८०० म्हणजे ४०० किलोच्या आसपासची गाडी, जुन्या मॉडेलला मागं १८०/६०-१६ टायर येतो (रुंदी १८० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची), त्याच्या जागी ते कारचा १९५/५५-१६ टाकतात, बहुतेक जण रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी जाड साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, काही अंतर चालणारा. बाईकच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर मिळतात हेही खरं. कारच्या टायरचं रबर कडक असतं, नक्षी खोल असते, नवीन टायरला साधारण ८ मिलिमीटर, आणि पृष्ठभाग सपाट असल्यामुळं झीज सगळीकडं वाटली जाते, बाईकच्या टायरसारखी मधल्या एका पट्ट्यावर येत नाही. तिकडं बरेच जण वर्षानुवर्षं असं चालवतात आणि खूश आहेत. पण त्यांची रिम साधारण ५ इंच रुंद असते, गाडी जड असते, आणि एवढं असूनही टायर कंपन्या आणि गाडीच्या कंपन्या याला मान्यता देत नाहीत. तुमची अ‍ॅव्हेंजर रिकामी १६० किलोच्या थोडी वर, त्यांचा अनुभव हिच्यावर जसाच्या तसा बसत नाही.

मुख्य मुद्दा गोलाईचा आहे आणि तो नीट समजून घ्या. बाईक हँडलनं कमी आणि झुकून जास्त वळते. बाईकचा टायर समोरून बघितला तर गोल दिसतो, झुकलं की तो कडेवर येतो, आणि कडेचा घेर मधल्यापेक्षा लहान. खाली निमुळता असलेला स्टीलचा पेला फरशीवर आडवा लोळवून बघा, सरळ जातच नाही, गोल फिरतो, झुकलेला टायरही तसाच स्वतःहून वळणाच्या आत ओढतो. शिवाय तुम्ही कितीही झुका, रस्त्याला टेकलेला भाग साधारण तेवढाच राहतो, म्हणून विश्वास वाटतो. कारचा टायर सपाट, त्याला उभंच राहायचं असतं. बाईक झुकवली की त्याची टेकलेली जागा मधून सरकून आतल्या कडेला जाते आणि तिथून तो गाडीला परत उभी करायला बघतो. म्हणजे पूर्ण वळणभर तुम्हाला हँडल दाबून धरावं लागतं, जरा हात सैल झाला की गाडी वळणाच्या बाहेर निघते. आणि जास्त झुकलं की अर्धा टायर हवेत, भार टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेच्या कोपऱ्यावर, आणि साइडवॉलवर, जो भाग त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

असा टायर टाकलेली एका ओळखीच्याची क्रूझर मी तुळजापूरपर्यंत चालवून बघितली. सरळ रस्त्यावर काही म्हणजे काही कळत नाही, उलट दणके कमी लागतात, मागचा ब्रेकही बरा लागतो. घाट लागला आणि हाताला कळायला लागलं, प्रत्येक वळणाला आधी गाडी झुकायला तयार नाही आणि मग एकदम कडेवर पडल्यासारखी झुकते, मधली पायरीच नाही. त्याहून त्रास झाला तो जड गाड्यांनी दाबलेल्या चाकोऱ्यांचा. आपल्याकडं उसाच्या सीझनला ज्या रस्त्यांवर ट्रॉल्या चालतात तिथं डांबर कसं दबतं ते तुम्हाला माहीत आहे, सपाट टायरची एक कड चाकोरीच्या काठावर चढली की मागचा भाग स्वतःच्या मनानं बाजूला जातो. बाजूनं ट्रक चाललाय आणि गाडी अशी ओढतेय, हे मला अजिबात नको. त्या माणसाला सवय झाली होती, तो म्हणायचा काही नाही होत, पण अचानक कुत्रं आडवं आलं की सवय उपयोगाला येत नाही, गाडी लगेच झुकवावी लागते.

आता तुमच्या गाडीचं गणित. मूळ टायर १३०/९०-१५, त्याला रिम लागते साधारण अडीच ते साडेतीन इंच रुंदीची. उंचीनं जवळ जाणारा कारचा टायर म्हणजे १७५/६५-१५, तो ५ ते ६ इंचाच्या रिमसाठी बनवलेला आहे. म्हणजे रिम जवळपास दोन इंच अरुंद. टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, मधून फुगतो, साइडवॉल चुकीच्या कोनात राहते. कागदावर रुंदी ४५ मिलिमीटरनं वाढते, म्हणजे एका बाजूला वीस-बावीस, चिमटल्यामुळं थोडी कमी भरेल, पण चेनच्या बाजूला तेवढी जागा आहे का ते बघा, तुम्ही गाडीवर असताना खड्डा लागला की टायर हलतो हे धरून बघा. त्यात क्रूझला स्पोकची रिम, आत ट्यूब. कारच्या ट्यूबलेस रेडियलच्या आत बाईकची ट्यूब, तीही चिमटलेल्या टायरमध्ये, ती घासून तापणार. ट्यूब फुटली की हवा हळू जात नाही, एका क्षणात जाते.

टायरच्या बीडचं पण ऐका, कारण इथं पंक्चरवाल्याच्या जिवाचा प्रश्न आहे. बीड म्हणजे टायरची जी तारेची कड रिमला धरते ती, तिचा आकार आणि रिमच्या खोबणीचा आकार कारचा वेगळा, बाईकचा वेगळा. नीट बसत नाही म्हणून लोक कॉम्प्रेसर लावून हवा भरत सुटतात. बऱ्याच टायरवर लिहिलेलंच असतं की बीड बसवताना ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर जाऊ नका. तार तुटली तर टायर बॉम्बसारखा उडतो आणि वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येतो.

अजून एक, लोक म्हणतात कारचा टायर जास्त मजबूत. मजबूत आहेच, लोड इंडेक्स म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, ८४ असेल तर ५०० किलो, तुमच्या टायरवर ६६ लिहिलं असेल तर ३०० किलो. पण तुमच्या मागच्या चाकावर ५०० किलो कधीच येणार नाही, मग तो कडक टायर वाकत नाही, तापत नाही, पकडत नाही. मग लोक हवा कमी करतात आणि बीड सैल पडायचा धोका वाढवतात. आपल्याकडं बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोनं, दोन्हींसाठी वेगळी मानकं ठेवली आहेत, दुचाकी-तिचाकीला आयएस १५६२७ आणि कारला आयएस १५६३३, ते उगाच नाही.

साइडकार लावली असेल किंवा तीन चाकांची ट्राइक असेल तर कारचा टायर चालतो, कारण ती गाडी झुकतच नाही.

कायद्याचं थोडक्यात, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं १८२ए, परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर टायर बघणारच, त्याला हातात कारण देऊ नका.

आता खरा प्रश्न, टायर लवकर का संपतो. माझा पहिला संशय हवेवर. मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ तापमान, तुम्ही मोहोळला पंपावर थांबता, टायर तापलेला, गेज जास्त दाखवतो आणि पोरगा हवा सोडतो. दर १० अंशाला साधारण एक ते दीड पीएसआय फरक पडतो, आणि पळून टायर रस्त्यापेक्षाही जास्त तापतो. म्हणजे घरी थंड झाल्यावर हवा कमी, आणि कमी हवेवर पुढचे शेकडो किलोमीटर. एक स्वतःचा गेज घ्या, सकाळी गाडी काढायच्या आधी मोजा, मॅन्युअलमध्ये मागं कुणी बसल्यावरचा आकडा वेगळा दिलाय तो सामान असताना वापरा. चेन ताणल्यावर स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का बघा, चाक तिरकं असलं तर टायर एकीकडून खातो. सामान जेवढं पुढं, टाकीजवळ, तेवढं बरं.

नवीन टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा, दुकानात उन्हात पडलेला जुना माल स्वस्तात घेऊ नका. दुकानदाराला सांगा की हायवेला जास्त चालणारा, कडक कंपाऊंडचा, म्हणजे कडक रबराचा पाहिजे, ओल्या रस्त्यावर थोडी ग्रिप कमी मिळेल पण तोही गोलच असतो, झुकतो. आणि टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या, खुणेपर्यंत नक्षी आली की बदला, दुचाकीला नियमानं किमान ०.८ मिलिमीटर लागते पण लांबच्या टूरला त्याच्या बऱ्याच आधी बदललेला चांगला.

तुमच्या टायरची मधली पट्टी गेलीय, दोन्ही कडा गेल्यात की एकच बाजू, आणि हवा किती ठेवता, कधी मोजता, एवढं खाली लिहा. मधली पट्टी गेली असेल तर हवा जास्त किंवा नुसता सरळ हायवे, दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी, एकच बाजू असेल तर आधी चाकाची लाइन तपासून घ्या, नवीन टायर त्याच्यानंतर टाका.